चिमणीच्या दातांचा पेरू

मुलुंडात तेव्हा पहिलीला शिकवणाऱ्या बायका चार-पाच असतील, पण मुलांना खरं बोलायला शिकवावं ते मीच, अशी माझी समजूत होती. समजूत कसली, घमेंडच. आमची शाळा एका जुन्या बंगल्यात भरायची. खाली दोन खोल्या, पुढं लांब व्हरांडा, मागं विहीर आणि चिंचेचं झाड. नवे पैसे आले ते वर्ष, त्यामुळे गणितात आणे शिकवायचे की पैसे याचा गोंधळ होता. माझ्या खऱ्याखोट्याच्या धड्यात मात्र कधी गोंधळ नव्हता.

माझ्या टेबलावर एक पितळी घंटा असायची, माहेरच्या देवघरातून आणलेली. प्रार्थना झाली की रोज तीन मुलं पुढं यायची, घंटा वाजवायची आणि स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट सांगायची. सूर्य पूर्वेला उगवतो असली खरी गोष्ट नाही चालायची. सांगताना कान लाल झाले पाहिजेत, तर ती खरी. मी भावाला चिमटा काढला आणि आईला म्हटलं डास चावला. मी लाडू खाल्ला आणि मांजरावर ढकललं. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा आणि ते पोर छाती काढून जागेवर जायचं. कुणी थाप मारली तर त्यानं मधल्या सुट्टीपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांनी स्वतः घंटा वाजवून पाहिली आणि आमच्या मोठ्या बाईंपाशी माझं कौतुक केलं. मी पंधरा दिवस हवेत होते.

घंटा झाली की माझं भाषण ठरलेलं. मैत्रिणीपुढं सोंग आणायचं नाही. घरी जसे असता तसेच शाळेत असायचं. तुमच्या खरेपणानं ज्याला राग येतो, तो तुमचा मित्रच नव्हे. सहा-सहा वर्षांची पोरं ती, तोंड उघडं टाकून ऐकायची. त्यांत माझी स्वतःची मुलगीही होती, दुसऱ्या ओळीत, खिडकीशी. तिला शाळेत मला आई म्हणायची बंदी होती. फाटकातून आत पाऊल टाकलं की मी बाई. एकदा पडून गुडघा फुटला तेव्हा "आ" म्हणून ओरडली आणि तशीच रडत रडत "बाई" म्हणाली. सगळ्या शिक्षिका हसल्या, मीही हसले. केवढी शिस्तीची पोर, म्हणाले.

त्या वर्षी श्रावणापासून हे खोकत होते. ऑफिस तिकडे मुंबईत कोटात, जाण्यायेण्याची दगदग, हवा ओली, असं म्हणत आम्ही तीन महिने काढले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे न्हाणीतून बाहेर आले ते पंचा तोंडाशी धरून. पंचा लाल झाला होता. घाटकोपरला एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो, छातीचा फोटो काढला. त्यांनी फोटो खिडकीकडे धरला. क्षय. तोही दोन्ही बाजूंना. आठ दिवसांत यांना घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये हलवलं.

आज लोकांना या शब्दाचं काही वाटत नाही. औषध घेतात, बरे होतात, कामाला जातात. तेव्हा हा शब्द घरात मोठ्यानं उच्चारायची चोरी होती. इंजेक्शनं आली होती, पण लोकांची भीती काही इंजेक्शनांनी गेली नव्हती. आमच्याच बिऱ्हाडाच्या शेजारची खोली मालकीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी रिकामी करून घेतली होती, तिथल्या सुनेला हाच आजार म्हणून. त्या मंडळींचं सामान रस्त्यावर असतानाच बाईंनी फिनेलच्या बादल्या ओतायला सुरुवात केली होती, आणि मी गॅलरीत उभी राहून पाहत होते. त्या सुनेनं एकदा वर बघितलं. मी आत गेले.

तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं की यांची नाशिकला बदली झाली. घर आता माझ्या नोकरीवर होतं, आणि क्षयरोग्याच्या बायकोला लहान मुलांच्या वर्गात कोण उभं करील? शेजाऱ्यांना पटलं. मोठ्या बाईंनाही पटलं, त्यांनी तर नाशिकच्या चिवड्याची फर्माईशसुद्धा केली.

डॉक्टरांनी आम्हा मायलेकींचेही फोटो काढले होते. माझा स्वच्छ आला. मुलीच्या फोटोत उजवीकडे थोडीशी सावली होती. डॉक्टर म्हणाले, असेल, नसेल, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर तिची ताटवाटी वेगळी ठेवा, तिचं उष्टं कुणाला देऊ नका, कुणाचं तिला नको, आणि खोकला सुरू झाला तर त्याच दिवशी घेऊन या. मग त्यांनी विचारलं, शाळेत जाते का? मी म्हटलं, "नाही."

पोर माझ्या मांडीवर बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तिचा रिबनीचा फुगा नीट करायला घेतला.

काय करणार होते मी? तिला कुणाकडे ठेवणार होते? माहेरी कळवलं तर बोभाटा, सासरी कळवलं तर रडारड. हे सगळं मी स्वतःला तेव्हा शंभरदा सांगितलं आणि आजही सांगते. दुसऱ्यांची पस्तीस पोरं त्या वर्गात होती, त्यांच्या आयांनी माझ्या भरवशावर सोडलेली, आणि मी त्यांच्यात ती सावली नेऊन बसवली.

रोज सकाळी वेणी घालताना मी तिचा पाठ घ्यायची. बाबा कुठे असतात? नाशिकला. का? बदली झाली. कधी येणार? रजा मिळाली की. अडखळली की वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून. पाढे म्हणताना तिचा जसा सूर लागायचा तसाच आता याचाही लागला. मग मी तिला शाळेत घेऊन जायची आणि घंटा टेबलावर ठेवायची.

मधल्या सुट्टीत पोरी चिंचेखाली बसायच्या. पेरू, आवळा, चिक्की, जे असेल ते चिमणीच्या दातांनी तोडायचं. म्हणजे फळावर फ्रॉकचं टोक ठेवायचं आणि वरून चावायचं, म्हणजे उष्टं होत नाही. मोठ्यांनीही हा कायदा मानलेला. माझ्या मुलीची मैत्रीण गावठाणातली होती, आपण ज्यांना तेव्हा किरिस्ताव म्हणायचो त्यांच्यातली. मराठीच माणसं, बापाची वाडी, भाजी आणि पेरू. ही पोर रोज खिशात एक पेरू घेऊन यायची, आणि अर्धा माझ्या मुलीचा, हे जून महिन्यापासून ठरलेलं. दोघींच्या फ्रॉकची टोकं कायम दातांनी कुरतडलेली. मी धुताना वैतागायची.

आता मी मुलीला बजावलं, पेरू खायचा नाही. चिमणीच्या दातांनीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, नको. आणखी काही बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी तिनं "नको" म्हटलं तेव्हा मैत्रिणीला वाटलं, पोट दुखत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, भांडण झालं असेल. चार दिवसांनी बाकीच्या पोरींनी निकाल दिला की ही भाव खाते. आणि पंधरा दिवसांनी ती मैत्रीण स्वतः माझ्याकडे आली. मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. ती टेबलाच्या कडेला बोट घासत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमच्यात आमच्या हातचा चालत नाय?"

मी सुधारक घरातली. माझ्या वडलांनी घरी सगळ्या जातींची माणसं जेवायला बसवलेली. मला तिथल्या तिथं शरमेनं मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. एवढी सोपी सबब आयती चालून आली होती. ब्राह्मणाची पोर किरिस्तावाच्या हातचं खात नाही, यात कुणाला नवल वाटणार होतं? कुणी पुढं एक प्रश्न विचारणार नव्हतं. मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं की ज्याच्या त्याच्या घरची रीत असते, बाळ. ती "बरं" म्हणाली आणि गेली. पुढची वही मी चुकीची तपासली, सगळ्या बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या करत होते. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, तिला वाटतंय की ती किरिस्ताव आहे म्हणून मी खात नाही. मी म्हटलं, वाटू दे. ती म्हणाली, पण ते खरं नाहीये. मी म्हटलं, गप्प बस. ती ओट्यावरचं पीठ बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "तूच सांगतेस ना, मैत्रिणीपुढं सोंग नाही करायचं?"

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पिठाच्या हातानं. फ्रॉकवर पाच बोटं पांढरी उमटली. मी म्हटलं, ते शाळेत सांगते मी, घरातलं वेगळं असतं. तिनं विचारलं नाही की वेगळं म्हणजे कसं. मला वाटलं, समजली. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

त्यानंतरच्या सोमवारी घंटेला तिची पाळी होती. ती पुढं आली. टाचा उंचावून घंटा वाजवली, हात पाठीमागं बांधले. मी शिकवलेलंच सगळं, ताठ उभं राहायचं, शेवटच्या ओळीला ऐकू जाईल असं बोलायचं. ती म्हणाली, "मी तिचा पेरू खात नाही कारण माझ्या बाबांना क्षय झालाय. ते नाशिकला नाहीत. ती किरिस्ताव आहे म्हणून नाही." आणि मैत्रिणीकडे बघून हसली.

तिचे कान लाल झाले होते. वर्गानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पोरांना क्षय म्हणजे काय ते कुठं ठाऊक? गोष्ट खरी वाटली, टाळ्या वाजवल्या. पण शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथल्या बाई खडू हातात धरून थबकल्या होत्या.

मी म्हटलं, "थांबा. ती खोटं बोलली."

माझा आवाज अगदी स्थिर होता, वर्गात बोलते तसाच. टाळ्या थांबल्या. मी सांगितलं की हिचे बाबा नाशिकला आहेत, कालच त्यांचं पत्र आलं, तब्येत उत्तम आहे. हिला आपल्याकडे सगळ्यांनी बघावं असं वाटतं, म्हणून ही अशी मोठी थाप मारली. मग शाळेचा नियम तो सगळ्यांना सारखा, बाईंच्या मुलीलाही, असंही म्हणाले. आणि तिला भिंतीकडे वळवलं. खांद्याला धरून वळवावं लागलं नाही, बोट दाखवल्यावर ती स्वतःच वळली. शेजारच्या बाई हसून आपल्या वर्गात गेल्या. मी बेरजा शिकवायला घेतल्या. तिच्या पाठीवरची दोन वेण्यांमधली मान तासभर माझ्यासमोर होती. ती रडली नाही, हललीही नाही.

मधली सुट्टी झाली. शेजारच्या बाई आणि मी व्हरांड्यात चहा घेत होतो. मुलगी भिंतीपासून निघाली आणि चिंचेकडे गेली, तर मैत्रीण तिची वाटच बघत होती. पुढचं मला नंतर मुलीनं सांगितलं. मैत्रीण म्हणाली, बाई बोलल्या की तुझ्या बाबांना काय नाय झाला. मग आता खा. नाय खाल्लास तर मी समजेन की आमचा चालत नाय. तिनं फ्रॉकचं टोक पेरूवर धरलं, चिमणीच्या दातांनी आपला घास तोडला आणि उरलेला पेरू पुढं केला.

मुलीनं व्हरांड्याकडे बघितलं. माझ्याकडेच. मी कपात बघितलं.

मग तिनं पेरू घेतला आणि फ्रॉक न लावता, सरळ दातांनी, केवढा तरी घास घेतला. तीन आठवडे ती उपाशीच होती त्या पेरूला. आणि ती मैत्रीण, समेट झाला म्हणून एवढी खूश, की तिनंही फ्रॉक धरला नाही. तोच पेरू, त्याच बाजूनं, तोंडाला लावला.

तेवढ्यात मी मान वर केली, आणि धावले. कप कुठं पडला ठाऊक नाही. पायऱ्या उतरून चिंचेशी गेले आणि त्या पोरीच्या हातावर फटका मारला. पेरू उडून विहिरीच्या कट्ट्याशी गेला. सगळं अंगण वळून बघायला लागलं. त्या पोरीनं आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागून शेजारच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, अहो, लेकरं आहेत, खाल्लं तर खाल्लं, आजकाल एवढं कोण पाळतं?

पुन्हा तीच सबब, हातात आणून दिलेली. सगळ्या अंगणानं हेच बघितलं होतं, ब्राह्मणीण बाईंनी किरिस्तावाच्या पोरीचा पेरू उडवला. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मुलगी माझ्या पदराशी आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, सांग ना."

मी म्हटलं, "शाळेत बाई म्हणायचं."

एवढंच बोलले मी. घंटा झाली, आम्ही वर्गात गेलो.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रीण आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या ओळीतली मुलीशेजारची तिची जागा रिकामी, आणि माझी मुलगी त्या जागेकडे सरकून न बसता आपल्या अर्ध्या बाकावरच अंग चोरून बसायची.  त्या पोरीचा दात पेरूला लागला होता की नाही? मी डोळे मिटून तो हात, तो पेरू पुन्हा पुन्हा बघायची. कधी वाटायचं, मी वेळेवर पोचले. कधी वाटायचं, तिचे गाल हलत होते. तो घास तिचा आधीचा होता की नंतरचा? देवापुढं उभी राहायची आणि मागायचं काय तेच सुचेना. माझी मुलगी वाचू दे म्हणावं, तर तिच्याच तोंडचं दुसरीच्या पोटात गेलेलं.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गावठाणात गेले. वळणावरचा क्रूस, त्याला झेंडूची माळ, पुढं कौलारू घरांची ओळ. त्या पोरीची आई अंगणात मासळी सुकत घालत होती. लुगड्याचा काचा मारलेला, हात कोपरापर्यंत खारट. मी अंगणाच्या बाहेरच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. यांचा आजार, मुलीच्या फोटोतली सावली, घंटा, पेरू, सगळं. पाठ केल्यासारखं भडाभडा. पोर दारात आली होती. आईनं एका हातानं तिला मागं सारलं.

मी म्हटलं, मला क्षमा करा. तिनं हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाली, आम्ही चार दिस बोलतो की बामनिणीला आपली पोर बाटेल असा वाटला, म्हणून मारला. त्याच्यानंच पोरगी रडते. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या पोरीला कळला, तुला नाय कळला?"

रागानं नाही म्हणाली. खरोखरच विचारत होती.  मग तिनं विचारलं, माझ्या पोरीनं नंतर खाल्ला का? मी म्हटलं, मला माहीत नाही. ती पोरीला घेऊन आत गेली आणि दाराची कडी लागल्याचं ऐकू आलं. मी घाटकोपरच्या डॉक्टरांचा पत्ता सांगायला आले होते, तो मला बंद दाराला सांगावा लागला.

तिथून मी थेट मोठ्या बाईंच्या घरी गेले आणि त्यांनाही सांगितलं. आता वाटतं, हे शौर्य नव्हतं, गावठाणातून दोन दिवसांत बातमी येणारच होती. मोठ्या बाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. उद्यापासून दोघीही येऊ नका, एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर माझी छत्री, वह्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती घंटा घरी आली. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, पण जिन्याला फिनेलचा वास यायला लागला. त्या पोरीचा फोटो स्वच्छ आला, हे मला महिन्याभरानं भाजीवालीकडून कळलं. तोवरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तिला त्यांच्या चर्चच्या शाळेत घातलं. माझ्या मुलीनं एकदाही तिचं नाव काढलं नाही. मी काढलं तर ती पाटीवर काहीतरी गिरवायला लागायची.

घरात ती अगदी शहाण्यासारखी वागायची. कसं वाटतंय विचारलं की बरं. भूक लागली का, तर नाही. बाहेर जाऊन खेळायचं का, तर नको. हट्ट नाही, रडणं नाही. मीही मनाची समजूत काढली की पोर सावरली.

सहा आठवडे झाले तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाटेत तिला सांगितलं, डॉक्टर विचारतील त्याचं खरं खरं उत्तर द्यायचं हं, त्यावरच औषध ठरतं. तिनं मान हलवली. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं, गालाला हात लावला आणि विचारलं, खोकला येतो का गं बाळ?

ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, माझ्या ओठांकडे. याच खोलीत, याच माणसाला मी काय सांगितलं होतं, ते ती कशी विसरेल? मी म्हटलं, सांग, खरं सांग. ती स्टुलावरून खाली उतरली. हात पाठीमागं बांधले. "नाही," म्हणाली.

घाम येतो? नाही. थकवा वाटतो? नाही. डॉक्टरांनी हसत हसत, पोरीला जरा बोलतं करावं म्हणून विचारलं, बाबांची आठवण येते का? तिनं पाढ्याच्या सुरात सांगितलं की बाबा नाशिकला असतात, बदली झाली, रजा मिळाली की येणार. डॉक्टरांनीच त्यांना सॅनिटोरियममध्ये पाठवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मग त्यांनी नळी कानाला लावली आणि तिला मोठा श्वास घ्यायला सांगितलं. तिनं घेतला आणि तसाच धरून ठेवला. सोड म्हणाले, तर सोडेना. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, ओठ घट्ट मिटलेले. आणि मग तो खोकला बाहेर आला. खोल, ओला, कितीतरी दिवसांचा. तो मी आमच्या घरात एकदाही ऐकला नव्हता. तिनं फ्रॉकचं टोक तोंडात कोंबलं, तेव्हा मला कळलं की ते टोक अजून ओलं, कुरतडलेलं का असायचं. मला वाटायचं, जुनी सवय. ती उशीत खोकत होती, फ्रॉकमध्ये खोकत होती, नळ सोडून मोरीत खोकत होती, आणि बरं आहे म्हणत होती.

मी तिला जवळ घ्यायला पुढं झाले. तिनं दोन्ही हात तोंडापुढं धरले, मार चुकवताना धरतात तसे, आणि खोकत खोकत म्हणाली, "मी मुद्दाम नाही खोकले, बाई."

आम्हा दोघींची शाळा बंद होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.